दोन गिटारींची जुगलबंदी

जुगलबंदी हा शब्द आपण सतार-सरोदसाठी वापरतो, फार तर ढोलकी आणि हलगीसाठी. आपल्या गायन पार्ट्यांचा दुरंगी सामना रात्रभर रंगतो, तीही एक जुगलबंदीच. परंतु अमेरिकेतील शेतमजूर, खाणकामगार, ट्रक ड्रायव्हर अशा कष्टकरी माणसांचे जे संगीत आहे, ज्याला तिकडे 'कंट्री' म्हणजे खेड्यातले संगीत म्हणतात, त्यातही दोन गिटारींची जुगलबंदी होत असे. १९५० नंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत तिच्या कितीतरी तबकड्या निघाल्या. मुलाने मोबाईलवर लावून दिल्यापासून गेली काही वर्षे मी त्या ऐकतो आहे. वाचक बंधू-भगिनींना प्रश्न पडेल की आपल्या कुटुंबाच्या पानावर अमेरिकन गिटारीचे काय काम? थोडा धीर धरावा. काम आहे.

मी चाळीस वर्षे मोटार वाइंडिंग केले. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, वेढे मोजायचे, त्याच गेजची तार पुन्हा भरायची, वार्निश करून भट्टीत सुकवायची. त्यामुळे इलेक्ट्रिक गिटारीकडे मी गाणाऱ्याच्या नव्हे तर वाइंडरच्या नजरेने पाहिले. तारांखाली जो चपटा डबा असतो, ज्याला पिकअप म्हणतात, तो उघडला तर आत काय निघते? लोहचुंबक आणि त्याभोवती एनॅमलच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार इतकी बारीक की पंख्याची तार तिच्यापुढे दोरखंड वाटावी. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते, कॉइलमध्ये वीज उत्पन्न होते, तीच पुढे ॲम्प्लिफायरमध्ये जाऊन आवाज होते. म्हणजे मोटारीत विजेतून हालचाल निघते, इथे हालचालीतून वीज. बाकी आमचाच धंदा.

आपल्या बेंजोलाही हेच पिकअप लावतात. टाइपरायटरसारख्या कळांचा, मिरवणुकीत आणि हळदीत वाजतो तो बेंजो. त्याचा वंश जपानी वाद्याचा, अमेरिकेतील बँजोशी त्याचे फक्त नाव जुळते. आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीच्या बेंजोचे पिकअप मी दोनदा भरून दिले आहे. त्या बेंजोची आणि तो वाजवणाऱ्या मामांची हकिकत पुढे येईल.

आधी ती जुगलबंदी. १९५४ साली अमेरिकेच्या कॅपिटल कंपनीने 'टू गिटार्स कंट्री स्टाइल' नावाची तबकडी काढली. वाजवणारे दोघे, जिमी ब्रायंट आणि स्पीडी वेस्ट. ब्रायंटचा जन्म १९२५ चा, जॉर्जिया राज्यातील मोल्ट्री गावचा. बाप बटाईने दुसऱ्याची जमीन कसणारा, बारा भावंडांत हा थोरला. लहानपणी बाप त्याला फिडल, म्हणजे व्हायोलिन, घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा करी आणि वाजवायला लावी, चार पैसे मिळावेत म्हणून. दुसऱ्या महायुद्धात तो जखमी झाला आणि इस्पितळात पडल्या पडल्या त्याने गिटार हाती घेतली. स्पीडी वेस्ट एक वर्षाने मोठा, मिझुरी राज्यातला. युद्धानंतर दोघेही पोट भरण्यासाठी कॅलिफोर्नियात लॉस एंजलिसकडे आले. तिथे 'होमटाऊन जांबोरी' नावाचा रेडिओ-टीव्हीचा कार्यक्रम होता. त्यात त्यांची जोडी जमली आणि लोक त्यांना 'फ्लेमिंग गिटार्स' म्हणू लागले, म्हणजे पेटलेल्या गिटारी.

नाव खोटे नाही. दोघे मिळून एक चाल एकदम सुरू करतात, सूर वेगवेगळे पण पाऊल एक, आणि वेग इतका की ऐकणाऱ्याची छाती धडधडावी. मग ब्रायंट एकटा सुटतो. त्याचा एक एक सूर सुटा आणि स्वच्छ, जणू कोणी जोंधळ्याचे दाणे पत्र्यावर टाकावेत. मधेच वेस्ट आपल्या स्टील गिटारीवर पोलादी कांब आपटतो, सरकवतो, हसवतो, किंचाळवतो, आणि पुन्हा दोघे एका जागी येऊन मिळतात. त्यात कुठे भांडण नाही. एक दुसऱ्याला जागा करून देतो. मला विचाराल तर वेगापेक्षा हीच गोष्ट अधिक ऐकण्यासारखी आहे.

ब्रायंटच्या हातातली गिटार लिओ फेंडर यांनी केलेली. हे फेंडर गृहस्थ कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवत. लहानपणीच एक डोळा गेलेला. आणि गंमत अशी की त्यांना स्वतःला गिटार कधीच वाजवता आली नाही! परंतु वाजवणारे दुकानात येऊन काय तक्रार करतात ते त्यांनी कान देऊन ऐकले. पोकळ गिटारीचा आवाज मोठा केला की ती शिट्टी घालते, मान वाकली की सगळी गिटार वाया जाते. म्हणून त्यांनी ॲश लाकडाची सरळ फळी घेतली, आत पोकळी ठेवली नाही, आणि मेपलची मान चार स्क्रूंनी बसवली. मान बिघडली? स्क्रू काढा, दुसरी लावा. ही कारागिराची अक्कल आहे, कलावंताची नव्हे, आणि मला तिचा फार अभिमान वाटतो. १९५० च्या अखेरीस त्यांनी तिला 'ब्रॉडकास्टर' नाव दिले. ग्रेच कंपनीचे ढोल त्याच नावाने विकले जात, त्यांनी हरकत घेतली. तेव्हा फेंडरच्या माणसांनी शिक्क्यावरचे ते नाव कात्रीने कापून टाकले आणि काही काळ गिटारी बिननावाच्याच विकल्या. पुढे १९५१ मध्ये 'टेलिकास्टर' हे नाव ठरले. ते आजही चालू आहे. त्या बिननावाच्या गिटारींना आता जुन्या मालाच्या बाजारात फार मोठी किंमत येते. बिननावाच्या माणसांना मात्र तशी येत नाही. ते पुढे पाहू.

वेस्टची गिटार त्याहून वेगळी. ती उभी धरत नाहीत, पायांवर टेबलासारखी उभी असते. डाव्या हातात पोलादी कांब, ती तारांवर सरकवायची. ही रीत हवाई बेटांची. तिथल्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बसवली असे मानतात. जगातील पहिली बाजारात विकली गेलेली विजेची गिटार, १९३२ सालची रिकनबॅकर, हीसुद्धा अशीच मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. तिला लोक 'फ्राइंग पॅन' म्हणत, कारण ती तव्यासारखी दिसे. आपल्या जुन्या हिंदी चित्रपटांच्या गाण्यांत जी हवाईयन गिटार मधेच हुंदका देते, ती याच घराण्यातली. वेस्टच्या गिटारीला शिवाय पायडल होते. पाय दाबला की ठरावीक तारांचा सूर चढतो किंवा उतरतो, हात जागच्या जागी. १९४८ मध्ये पॉल बिग्सबी यांनी ती त्याला करून दिली. हे बिग्सबी म्हणजे पॅटर्नमेकर. मोटारसायकलच्या कारखान्यात ओतकामाचे लाकडी नमुने करणारे. ज्या वाचकांनी रेल्वेच्या किंवा गिरणीच्या फाउंड्रीत काम केले असेल त्यांना पॅटर्नमेकरच्या हाताची किंमत सांगायला नको. त्या गिटारीच्या दर्शनी बाजूवर मोठ्या अक्षरांत 'स्पीडी वेस्ट' असे नाव बसवलेले होते. बसलेल्या माणसाला दुरून ओळखता यावे म्हणून.

आणखी एक गिटार सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिझुरीतील एका छोट्या कंपनीने १९५४ मध्ये 'स्ट्रॅटोस्फिअर ट्विन' नावाची दोन मानांची गिटार काढली. एका मानेवर सहा तारा, दुसरीवर बारा. बारा तारांच्या जोड्या अशा जुळवायच्या की जोडीतली एक तार दुसरीच्या तिसऱ्या सुरावर. म्हणजे एक बोट दाबले की दोन वेगळे सूर एकदम निघतात आणि एकच माणूस दोन माणसांसारखा वाजतो. ब्रायंटने त्याच वर्षी तिच्यावर 'स्ट्रॅटोस्फिअर बूगी' वाजवले. शेजारी वेस्ट होताच. ऐकताना दोघे नव्हे, तिघे वाजवत आहेत असे वाटते. ती कंपनी फार दिवस टिकली नाही.

एका गोष्टीवर वाइंडर म्हणून थांबतो. जयंतीच्या स्टेजवर बेंजोवाला ट्यूबलाइटजवळ बसला की स्पीकरमधून 'घुंईं' आवाज येतो, हे सर्वांनी ऐकले असेल. लोक बेंजोवाल्याला बोलतात. त्याचा दोष नसतो. चोकचे चुंबकीय क्षेत्र कॉइलमध्ये शिरते. नॅशव्हिलचे मोठे गिटारवादक चेट ॲटकिन्स हेही याच आवाजाने त्रासले होते. इलिनॉय राज्यातील केरो गावच्या रे बट्स नावाच्या कारागिराने त्यांना उपाय करून दिला. साधारण त्याच सुमारास, १९५५ मध्ये, गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनीही तोच केला. एकाऐवजी दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवायच्या, दुसरीची जोडणी आणि चुंबक दोन्ही उलट. तारेचा आवाज दोघींत मिळून वाढतो, घुंई मात्र एकमेकींना मारते. मी हे वाचले तेव्हा जेवण टाकून उठलो आणि वहीत काढून पाहिले. आमच्या बेंजोचे दुसरे पिकअप मी त्याच रीतीने भरले. आता मामा ट्यूबलाइटच्या खाली बसतात.

चेट ॲटकिन्स यांनी जुगलबंदीच्या तबकड्याही पुष्कळ काढल्या. १९७० मध्ये जेरी रीडबरोबर, १९७४ मध्ये मर्ल ट्रॅव्हिसबरोबर, १९७६ मध्ये लेस पॉलबरोबर. तिन्हींना तिकडचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. यातली मर्ल ट्रॅव्हिसबरोबरची मला जवळची, कारण ती गुरुशिष्यांची म्हणावी अशी आहे. शिष्य गुरूला भेटलाच नव्हता. दम्याने आजारी असलेला मुलगा चेट घरी रेडिओवर ट्रॅव्हिसला ऐके. एकच माणूस अंगठ्याने खालचे ठोके देतो आणि बोटाने वर चाल वाजवतो, आपला ढोलकीवाला डाव्या हाताने धुम देऊन उजव्याने बोल काढतो तसा. हे तो कसे करत असेल याचा चेटने अंदाज बांधला आणि अंगठा व तीन बोटांनी वाजवायला शिकला. प्रत्यक्षात ट्रॅव्हिस एकच बोट वापरत होता! अंदाज चुकला आणि त्यातून नवी शैली झाली.

आता या लेखाचे खरे काम.

मर्ल ट्रॅव्हिस १९१७ मध्ये केंटकी राज्यातील मुहलेनबर्ग जिल्ह्यात जन्मला. कोळशाच्या खाणींचा मुलूख. बाप खाणीत. खाणवाल्याच्या दुकानातून उधारीवर माल घ्यायचा, पगार उधारीत जायचा आणि मरेपर्यंत कर्ज फिटायचे नाही, ही त्या लोकांची स्थिती. त्यावर ट्रॅव्हिसने 'सिक्सटीन टन्स' हे गाणे केले, ते पुढे १९५५ मध्ये टेनेसी अर्नी फोर्ड यांच्या आवाजात जगभर गेले. बिग्सबी यांनी १९४८ मध्ये ट्रॅव्हिसलाही गिटार करून दिली होती. तिच्यावरही त्याचे नाव आहे, आणि ती आज नॅशव्हिलच्या कंट्री संगीताच्या संग्रहालयात आहे.

पण ट्रॅव्हिस ही अंगठ्याची रीत शिकला कोणाकडून? त्याने स्वतः सांगितले आहे. मोझ रेगर आणि आयक एव्हरली या दोन खाणकामगारांकडून. ते कोणाकडून शिकले? केनेडी जोन्सकडून. आणि केनेडी जोन्सने ही रीत ज्यांच्याकडून उचलली त्यांत एक होता अर्नोल्ड शुल्ट्झ. तो काळा होता.

अर्नोल्ड शुल्ट्झचा जन्म १८८६ चा, केंटकीतील ओहायो जिल्ह्यातला. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये. म्हणजे त्याचा बाप गुलाम म्हणूनच जन्मलेला. पोरवयात अर्नोल्ड खाणीत उतरला. पुढे मिळेल ते काम करत नदीच्या बोटींवर, गावोगाव फिरला. गिटार आणि फिडल दोन्ही वाजवी. गोऱ्यांच्या नाचाच्या बैठकींत गोऱ्या वादकांच्या ताफ्यात वाजवी. 'ब्लूग्रास' नावाच्या संगीताचा जनक ज्याला म्हणतात त्या बिल मन्रोने पोरवयात पहिली पैसे मिळवून देणारी बैठक या शुल्ट्झच्याच सोबतीने केली. १९३१ मध्ये शुल्ट्झ वारला. वय पंचेचाळीस. त्याच्या वाजवण्याची एकही तबकडी नाही. एक मिनिटाचीदेखील नाही.

तेव्हा मी जे ऐकतो, ॲटकिन्सची ती मऊ, गोल, चकाकणारी गिटार, ग्रॅमीची पारितोषिके, नाव कोरलेल्या गिटारी, त्याच्या मुळाशी जे हात होते त्यांतले दोन हात एका गुलामाच्या मुलाचे आहेत आणि ते आपल्याला कधीही ऐकू येणार नाहीत.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतील त्या सज्जनांना, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये काळ्यांचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागण्यासाठी. ड्यू बॉइस यांनी उत्तरही पाठवले. त्यांचे दुःख आणि आपले दुःख यांचे नाते आपल्या पूर्वजांनी केव्हाच ओळखले होते. मी फक्त तेच नाते गिटारीत पाहतो आहे.

तिथली गोष्ट अशी की संगीत एकत्र होते, पण दुकान वेगळे होते. १९२० नंतर तबकड्यांच्या कंपन्यांनी काळ्यांच्या तबकड्या एका यादीत टाकल्या आणि खेड्यातल्या गोऱ्यांच्या दुसऱ्या यादीत. एकाच गल्लीत एकच चाल वाजवणारे दोघे, पण दुकानात त्यांची फळी वेगळी. पाणवठा वेगळा असावा तसे! १९२८-२९ मध्ये एडी लँग हा गोरा आणि लॉनी जॉन्सन हा काळा, या दोघांनी गिटारींची जुगलबंदी वाजवली. ती कंट्री संगीतात मोडत नाही आणि त्या वेळी विजेच्या गिटारीही नव्हत्या, पण इतकी सुंदर जुगलबंदी मी दुसरी ऐकलेली नाही. तबकडीवर लँगचे नाव काय छापले? 'ब्लाइंड विली डन'. काळा वाटावा असे खोटे नाव. गोरा आणि काळा शेजारी बसून वाजवतात हे गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. सूर शेजारी चालतात, नावे शेजारी चालत नाहीत.

डीफोर्ड बेली हा माउथऑर्गन वाजवणारा काळा कलावंत. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या सर्वांत मोठ्या रेडिओ कार्यक्रमाचा पहिल्या काळातला लाडका. दौऱ्यावर गोऱ्या सोबत्यांच्या हॉटेलात त्याला जेवायला मिळत नसे. १९४१ मध्ये त्याला काढून टाकले आणि उरलेली वर्षे त्याने बूट पॉलिशचे दुकान चालवले. सन्मान मिळाला २००५ मध्ये, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. चार्ली प्राइड हा मिसिसिपीतील बटाईदाराचा मुलगा. त्याला १९६५ मध्ये आरसीए कंपनीत घेणारे चेट ॲटकिन्सच होते, ही त्यांची मोठी गोष्ट. पण १९६६ मध्ये पहिल्या तबकड्या रेडिओवाल्यांकडे गेल्या त्या फोटोशिवाय. आधी आवाज आवडू द्या, रंग नंतर कळू द्या. दार उघडले, पण दिवा मालवून. हे धाडस म्हणावे की भीती, मी ठरवू शकलेलो नाही. दोन्ही असावे.

तरीही ब्रायंट, ट्रॅव्हिस, रेगर यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. तेही बटाईदारांचे, खाणकामगारांचे. आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. बिल मन्रोने म्हातारपणापर्यंत शुल्ट्झचे नाव घेतले. ट्रॅव्हिसने रेगर आणि एव्हरलीचे घेतले. शिकलेल्यांनी तोंडाने सांगितले म्हणूनच आज शुल्ट्झ हे नाव आपल्याला माहीत आहे. २०२० मध्ये ब्लूग्रासवाल्यांच्या संस्थेने काळ्या वादकांना मदत करण्यासाठी त्याच्या नावाने निधी सुरू केला. सगळा आधार काय, तर कोणीतरी आठवणीने नाव घेतले.

बँजोचीही एक बाजू आहे. ते वाद्य आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी अमेरिकेत घडवले. पुढे गोरे लोक तोंडाला काजळ फासून, हातात बँजो घेऊन काळ्यांची नक्कल करू लागले, थिएटरात हशा पिकवू लागले. तेव्हा कितीतरी काळ्यांनी बँजो खाली ठेवला. आपल्याच वाद्याची लाज वाटावी अशी व्यवस्था झाली. मला हे वाचताना माझे आजोबा आठवले. गावात लग्न पाटलाकडचे असो की वाण्याकडचे, आजोबांनी हलगी घेऊन हजर व्हायचे, उन्हात दारापासून दूर उभे राहायचे, आणि शिळ्या भाकरीवर परतायचे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी हलगी सोडली, मेलेली जनावरे ओढणे सोडले तशीच. माझ्या वडिलांनी ती घरात परत येऊ दिली नाही. बरोबरच केले. ती कला नव्हती, ती वेठ होती. आमच्या घरात पुढे वाद्य आले ते पेटी, भीमगीतांसाठी, आपल्या मर्जीने. पण आजोबांच्या हातात काय होते ते आता कोणालाच सांगता येत नाही, हेही खरे. तिकडे आता रियानन गिडन्ससारख्या काळ्या कलावंतांनी बँजो पुन्हा हाती घेतला आहे, आणि त्या म्हाताऱ्या काळ्या फिडलवाल्याच्या, जो थॉम्पसन यांच्या पायाशी बसून शिकल्या. तो म्हातारा जिवंत होता म्हणून. आमच्याकडे विचारायला आजोबा नाहीत.

मामा आहेत. वय चौऱ्याऐंशी. गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली आणि बेंजो हेच पोट झाले. हळदी, बारशी, जयंतीच्या मिरवणुका. त्या वर्षांत भीमगीतांच्या कॅसेटी भराभर निघत. आमच्या वस्तीतल्या पार्टीने तीन कॅसेटी केल्या. रेकॉर्डिंग एका दिवसात उरकायचे, वाजवणाऱ्याला पंचाहत्तर रुपये आणि दुपारचे जेवण. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो, कवीचे नाव, कंपनीचे नाव ठळक. वाजवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव नाही. तिन्हींवर नाही. कंपनी आता बंद झाली आहे, तिचे नाव घेऊन काही उपयोग नाही. आणि तेव्हा सगळ्याच असे करत. आपल्याच माणसांच्या गाण्यात आपल्याच माणसांची नावे गळाली, हे मात्र मला शुल्ट्झची हकिकत वाचल्यापासून बोचत होते.

मी मामांना ब्रायंट आणि वेस्टची ती जुगलबंदी ऐकवली. डोळे मिटून ऐकली. मग म्हणाले, "हा सरकवतो तो पायाने सूर बदलतोय काय रे?" पिकअप मी भरले, पण कान त्यांचा! मी म्हटले, "मामा, तुमचं नाव मी पेपरात देतो. कॅसेटवर दिलं नाही, इथं देतो."

"माझ्या एकट्याचं नको," ते म्हणाले. "मी एकटा वाजवत होतो का? ढोलकी होती, खंजिरी होती, कोरसला बाया होत्या. पोरं टाकून यायच्या. त्यांचं कोण देणार? द्यायचं तर सगळ्यांचं दे, नाहीतर राहू दे."

म्हणून या लेखात त्यांचे नाव नाही. यादी आम्ही वेगळी करतो आहोत, बुद्धविहाराच्या वहीत. कोणत्या कॅसेटवर कोण काय वाजवले, कोरसला कोण होते, सगळे. मामा सांगतात, माझी नात लिहिते. आतापर्यंत चौदा नावे झाली, त्यांत पाच कोरसच्या बायांची. त्यांतल्या दोघी हयात आहेत. एक नालासोपाऱ्याला मुलाकडे आहेत, त्यांनी फोनवर आणखी दोन नावे सांगितली आणि फोन ठेवता ठेवता त्या गाण्याचा कोरस म्हणून दाखवला. सून मागून विचारत होती, आत्या कोणाशी गाताय?

दुसऱ्या कॅसेटच्या ब बाजूला ढोलकी कोणाची, यावर मात्र एकमत नाही. दोन घरे म्हणतात की ती आमच्या वडिलांची. दोघेही वारले. दोन्ही मुले चांगली, आपसात बोलतात, पण मागे हटत नाहीत. मामा म्हणतात, एकाचा डावा हात जड होता आणि दुसरा बोल मोडताना किंचित थांबायचा, ऐकले की कळेल. कॅसेट आहे, पण फीत चिकटली होती. ती मी उघडून, सुकवून, दुसऱ्या डब्यात भरली आहे. प्लेअरचा बेल्ट लोहार चाळीतल्या एका रेडिओवाल्याकडे मिळाला. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात लावणार आहोत. दोन्ही घरची माणसे येणार आहेत, नालासोपाऱ्याच्या आत्याही येते म्हणाल्या. ट्यूबलाइट तेवढी बंद ठेवू.